पितरांची तहान, सुनांचं तळण

मागच्या अंकात या सदराच्या शेवटी एक ओळ सहज टाकली होती, ‘भाद्रपद आलाय, पितरांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा.’ त्यानंतर पोस्टमन माझ्याकडे जरा संशयानेच बघायला लागला. 39 पत्रं आली. त्यातली निम्मी ‘पितृदोषावर उपाय सांगा’ अशी आहेत. तो माझा धंदा नाही. मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. अमळनेरला राहते. घरात सासरच्या तीन पिढ्यांचे पितर आहेत आणि दोन शेगड्यांचा गॅस. तेवढ्या भांडवलावर जी उत्तरं देता येतात ती देते.

“बाई, माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथे भाद्रपदात म्हाळ घातला की वर्षाचं काम झालं. इथे सासरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर भरली, पुरणपोळ्या झाल्या. आता भाद्रपदात पुन्हा पितर जेवू घालायचे. सासूबाईंना विचारलं तर ‘आपल्यात असंच असतं’ म्हणाल्या. यातलं खरं कुठलं? पितर दोनदा येतात का?” (एक सून, पारोळा)

सूनबाई, दोन्ही खरं. तू आल्यापासून किती आखाज्या बघितल्यास माहीत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

वैशाखात आपल्याकडे पारा 44-45 ला टेकलेला असतो. नदीत वाळू, विहिरीत दोर पुरत नाही. सालदाराचं साल संपलेलं, शेत नांगरून उघडं पडलेलं, लेकी माहेरी येऊन निंबाच्या झोक्यावर बसलेल्या. त्या दिवशी कुंभाराकडची नवी घागर पाण्याने भरायची, त्यात वाळा टाकायचा. घागरीच्या तोंडावर मातीचंच लहान भांडं, त्यावर डांगर, सांजोऱ्या आणि दोन आंबे. (डांगर म्हणजे खरबूज. साताऱ्याच्या माणसाला इथे भोपळा आठवतो आणि बाजारात भांडण होतं.) चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि पोळीचा घास टाकायचा, ती आगारी. तो धूर डोळ्यात गेला की माझी आजी म्हणायची, “उनात रे भो, उनात!” (आलात रे भाऊ, आलात!) आणि सगळ्यात महत्त्वाचं काम उंबऱ्यावर. उंबरा धुऊन, पुजून, त्यावर ओल्या कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि प्रत्येक बोटाला एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. “हाई आबानं. हाई आजीनं.” भटजी नाही, पोथी नाही.

आता बघ, या सगळ्यात मुख्य काय आहे? पाणी. वैशाखात मेलेल्या माणसाला काय द्यावं हे खानदेशाला कुणी शिकवावं लागलं नाही. तुमच्या पश्चिमेकडेही काही घरांत अक्षय्य तृतीयेला करा आणि केळी म्हणून मातीची दोन भांडी भरून देतातच. तुझ्या माहेरी ते सुटलं असेल.

भाद्रपदाचं वेगळं. पाऊस ओसरायला लागलेला, मूग-उडीद घरात आलेला, म्हणून ताटात उडदाचे वडे. गंगाफळ वेलावर, गवार-भेंडी-कारली परसात, म्हशीला दूध, म्हणून खीर. आखाजीला पितर तहानेने येतात आणि पितरपाटात भुकेने, असं माझी आजी म्हणायची. हे शास्त्रात कुठे नाही, पण भूगोलात बसतं.

मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला मेलेल्यांचा सण असतो. पहिला दिवस लहानपणी गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात पायऱ्या-पायऱ्यांची आरास करतात, तिच्यावर फोटो, मेणबत्त्या, मीठ, गोड पाव, त्या माणसाला आवडणारी भाजी, असेल तर त्याची दारू. आणि पाण्याचा एक पेला, का तर इतक्या लांबून आलेला माणूस तहानलेला असणार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक पालथं ठेवून घागरीकडे बघत बसले होते.

तुझ्या पत्रात खाली बारीक अक्षरात ‘सगळ्या जगात पितर शरदातच येतात असं ऐकलं’ असंही आहे. नाही. चीनमध्ये कबरी झाडायचा छिंगमिंग एप्रिलच्या 4-5 तारखेला येतो, म्हणजे भर वसंतात. बोलिव्हिया-पेरूत 2 नोव्हेंबर पाळतात, पण तो दक्षिण गोलार्ध, तिथे तेव्हा वसंत चालू असतो. तारीख स्पेनवाल्यांबरोबर गेली, ऋतू काही गेला नाही. मी परीक्षेत हा प्रश्न घातला असता.

“आम्ही जळगावात चौथ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर पान ठेवलं की दोन-दोन तास कावळा येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात तुमचे पितर नाराज आहेत. सासरे मधुमेही, गोळी घेऊन उपाशी बसून राहतात. काय करावं?” (एक गृहिणी, जळगाव)

सासऱ्यांना आधी वाढा. आजच्या आज ठरवा.

कावळ्याची बाजूही बघा. सर्वपित्रीला दुपारी 12 वाजता तुमच्या एका कॉलनीत किती गच्च्यांवर पानं असतील? पोट त्याला एकच. तो तिसऱ्या गच्चीवरच तृप्त होतो आणि विजेच्या तारेवर बसून चोच पुसतो. त्यात तुमच्या काकूंचे पितर प्रसन्न आणि तुमचे नाराज हे कसं ठरलं? नेपाळात तिहारचा, म्हणजे त्यांच्या दिवाळीचा, पहिला दिवस कावळ्याचाच असतो, काग तिहार. यमाचा निरोप्या म्हणून त्याला खाऊ घालतात. दुसरा दिवस कुत्र्याचा, त्याला टिळा आणि हार. म्हणजे कुत्र्याला घास ठेवला तर पितर परत जात नाहीत. गायीचा घास तर आपल्याकडेही काढतातच.

जपानात याच्या उलट गंमत आहे. तिथे ओबोनला, बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर, पितर येतात. त्यांच्यासाठी काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात आणि वांग्याला पाय लावून गाय. घोडा येताना, म्हणजे लवकर पोचतील. गाय परत जाताना, म्हणजे रमतगमत जातील, आणि सामानही वाहून नेईल. हे वाचल्यावर मी आमच्या यजमानांना म्हटलं, बामणोदचं भरताचं वांगं घेतलं तर गाय नाही, म्हैसच होईल. ते म्हणाले, आपल्याकडे ते वांगं परतीच्या प्रवासापर्यंत टिकायचं नाही.

“मुलगी शिकायला दक्षिण कोरियात, सोलला आहे. तिचे वडील जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ नाही. तिथीला तिला काही करता येत नाही म्हणून रडते. परदेशात हे कसं करायचं?” (एक आई, धुळे)

ताई, ती जिथे आहे तिथे याच दिवसांत सगळा देश आपापल्या वाडवडिलांकडे निघालेला असतो. चुसोक नावाचा सण. त्यांच्या आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. पंचांग काढून ताडून बघितलं, 2024 मध्ये तो 17 सप्टेंबरला आला, आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या वेळेला. 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन कोजागरीला. त्याच्या आधी घरची माणसं जाऊन कबरीवर पावसात वाढलेलं गवत कापून येतात. चुसोकच्या सकाळी नव्या तांदळाचं जेवण पूर्वजांपुढे मांडतात, वाकून नमस्कार करतात आणि मग तेच सगळे मिळून खातात. सोंगप्योन म्हणून तांदळाच्या पिठीची करंजी असते, आत तीळ किंवा कडधान्याचं गोड सारण, आणि ती पाइनच्या पानांवर वाफवतात. आपण उकडीचं हळदीच्या पानावर उकडतो, तसंच समजा. मुलीला म्हणावं, बाजारातून चार सोंगप्योन आण, वडिलांचा फोटो मोबाइलवर का असेना समोर ठेव, पाण्याचा पेला ठेव, त्यांचं नाव घे. वडील काही जागा चुकायचे नाहीत.

तुमचं पत्र वाचताना मला कोरियाची आणखी एक गोष्ट आठवली, ती पारोळ्याच्या सुनेनेही ऐकावी. तिथल्या सुनांना या सणाचं एक दुखणंच आहे आणि त्याला चक्क नाव आहे, ‘सणाचा आजार’. दोन दिवस उभं राहून तळायचं, वाढायचं, भांडी काढायची, तेही सासरच्या पूर्वजांसाठी. स्वतःच्या आईबापाकडे जायला वेळ उरला तर उरला. यावर इतकी बोलाबोली झाली की 2022 मध्ये सुंगक्युनक्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या सगळ्यात मानाच्या संस्थेने जाहीर केलं की पूर्वजांच्या ताटात नऊपर्यंत पदार्थ पुरेत, आणि तळणीचं ठेवायची मुळीच गरज नाही.

तळणीची गरज नाही! मी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा घरात शांतता पसरली. आपल्याकडे पितरांच्या ताटात वडे, भजी, कुरडया, पापड, आखाजीला वर सांजोऱ्या. म्हणजे कढईपासून बाईची सुटका नाही. माझ्या सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून वडे थापायच्या आणि ज्यांच्यासाठी थापायच्या त्यातल्या एकानेही जिवंतपणी त्यांना “तू जेवलीस का?” विचारलेलं नव्हतं, हे त्यांनीच मला सांगितलं. गेली सहा वर्षं मी एक वडा तळते. एकच. पितरांना एक पुरतो. ज्यांना चार लागतात ते जिवंत असतात आणि त्यांना हात असतात.

“पुण्यातल्या सोसायटीत 31 ऑक्टोबरला नातवाने तोंडाला सापळा रंगवून दारोदार चॉकलेटं गोळा केली. दिवाळीच्या दिवसांत हे भुतांचे सोंग! आपल्या संस्कृतीत मृतांची अशी थट्टा बसते काय? यावर परखड लिहावे.” (एक आजोबा, चोपडा)

आजोबा, परखड लिहिते, पण तुमच्या बाजूने निघेलच असं नाही.

प्लास्टिकचे सापळे मलाही आवडत नाहीत. पण हॅलोविन या शब्दात भूत नाहीच. 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. 2 नोव्हेंबर सर्व मृतांचा, म्हणजे त्यांची सर्वपित्रीच. त्या दिवशी वसईला ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन बघा, कबरीकबरीवर फुलं आणि मेणबत्त्या असतात. त्याच्याही मागे आयर्लंडचा साउइन नावाचा जुना सण आहे. पीक घरात आलं, गुरं डोंगरावरून खाली आणली, आता थंडी सुरू; त्या रात्री इकडचं-तिकडचं दार उघडं राहतं असं ते मानायचे. आणि दारोदार जाणं म्हणाल तर इंग्लंडात गरीब माणसं आणि पोरं याच दिवसांत घरोघर जाऊन तुमच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो म्हणायची आणि बदल्यात लहान केक घ्यायची. आपण सर्वपित्रीला शिधा देतो, त्याचाच हा भाऊ. पुढे प्रार्थना गळाली, चॉकलेट उरलं.

भोपळ्याचं बघा. आयरिश लोक शलगम कोरून त्यात दिवा लावायचे. 1845 नंतर बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला, लाखो माणसं अमेरिकेला गेली. तिथे शलगमापेक्षा मोठं, कोरायला सोपं फळ शेतोशेत पडलेलं, ते म्हणजे आपलं गंगाफळ. ते मूळचं अमेरिकेचंच. त्याच गंगाफळाची भाजी तुम्ही पितरांच्या ताटात वाढता. नातवाने ते कोरलं, तुम्ही चिरलं, एवढाच फरक.

झेंडूचंही तेच. मेक्सिकोत झेंडू हे मेलेल्यांचं फूल. रस्त्यापासून घरातल्या आराशीपर्यंत त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे रंगावर आणि वासावर पितर नीट पोचतात. त्यांच्या जुन्या नावाचा अर्थ ‘वीस पाकळ्यांचं फूल’. तिथून हे झाड जगभर गेलं, आपल्याकडे आलं आणि इथे दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बॉनेटपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळीकडे चढलं. आपण मात्र श्राद्धाला पांढरी फुलं आणि माका शोधत फिरतो. आपलं शुभ ते त्यांचं पितरांचं. फुलाला काही वाटलं नाही.

राहिला प्रश्न मृतांच्या दिवसांत पोरांनी खेळण्याचा. आजोबा, तुमच्या चोपड्यात भुलाबाई बसायची ना? भाद्रपदी पौर्णिमेला बसते, कोजागरीला उठते. म्हणजे पहिला पंधरवडा सगळा पितरपाटाचा. ज्या दिवसांत तुम्ही लग्नाची बोलणी करत नाही, नवं कापड घेत नाही, त्याच दिवसांत परकऱ्या पोरी घरोघर जाऊन टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, डबा हलवून आतला खाऊ ओळखतात. शेंगदाण्याच्या लाडवाचा आवाज आणि मुरमुऱ्याचा आवाज यातला फरक मला आजही कळतो. आजीच्या श्राद्धाच्या संध्याकाळी आमच्याच ओट्यावर भुलाबाईची गाणी झाली आणि आजोबा खाटेवर पडून ती ऐकत होते. कुणाला ती थट्टा वाटली नाही. तुमच्या नातवाला पुढच्या वर्षी चॉकलेटऐवजी डबा हलवून दाखवा.

“दरवर्षी तुमच्या अंकात श्राद्धावरच येतं. आमच्या शब-ए-बरातबद्दल दोन ओळी लिहाल का?” (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

लिहायला हव्या होत्या, चूक माझी. शाबान महिन्याची पंधरावी रात्र. कबरस्तान झाडून-पुसून दिवे लागतात, माणसं रात्री जाऊन आपल्या माणसांसाठी दुवा मागतात, घरी हलवा होतो आणि शेजारीपाजारी वाटला जातो. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि त्यात अधिक महिना नसतो, म्हणून ही रात्र दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येते. तुमच्या आयुष्यात ती थंडीतही आली असेल, पावसातही आणि आपल्या भुसावळच्या मे महिन्यातही. वरच्या सगळ्यांचे पितर ऋतू बघून येतात. तुमच्यात माणसालाच प्रत्येक ऋतूत त्यांच्याकडे जावं लागतं. लहानपणी आमच्या गल्लीत हलव्याची ताटली यायची आणि आई ती रिकामी परत पाठवायची नाही, हेही लिहून टाकते.

“मी विधवा, मूलबाळ नाही. आई-वडिलांची मी एकुलती एक. दीर म्हणतात, मुलीने दिलेलं पितरांना पोचत नाही. मग माझ्या आईचं कोण करणार? आणि माझं?” (शिंदखेडा)

ताई, हे पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं.

तर्पणात एक श्लोक आहे. आमच्या कुळात जन्मून जे निपुत्रिक गेले, त्यांनी हे वस्त्र पिळून निघालेलं पाणी घ्यावं, असा त्याचा अर्थ. बाकीच्यांना तीळ घालून ओंजळभर, आणि ज्यांना मुलगा नाही त्यांना ओल्या धोतराचा पिळा. कुणीतरी आठवण ठेवली हे चांगलंच, पण वाटप बघून मला राग येतो, आजही येतो.

कंबोडियात पचुम बेन नावाचा सण आहे. तो पंधरा दिवसांचा, त्यांच्या ज्या महिन्यात येतो त्याचं नाव फोत्रोबोत, म्हणजे आपला भाद्रपदच, आणि पंधरवडाही वद्यच. 2024 ला आपली सर्वपित्री 2 ऑक्टोबरला होती, त्यांची सुट्टी 1 ते 3. ‘बेन’ म्हणजे पिंड. शब्दसुद्धा इथूनच गेलाय. पहाटे अंधारात माणसं बौद्ध विहारात जातात आणि भाताचे गोळे विहाराभोवती जमिनीवर टाकत फिरतात. ते कुणासाठी? ज्यांना उजेड सोसत नाही आणि ज्यांचं करायला मागे कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठीही. असे पितर सात विहार धुंडाळतात म्हणे, कुठे आपलं माणूस दिसतं का बघत. तिथे गोळा टाकताना तू कुणाचा कोण, कुणी विचारत नाही. आणि टाकणाऱ्यांत बायका असतात.

आता माझ्या घरचं. आमच्या उंबऱ्यावर आखाजीला नऊ बोटं उमटायची. आठ नावांची. नववं “हाई आबानी माय”. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. सासूबाईंना नाही, त्यांच्या सासूला नाही. तिला सगळे कुणाची तरी माय म्हणूनच हाक मारत आले. मला सून होऊन चौदा वर्षं झाल्यावर शेताच्या वाटणीचं काम निघालं म्हणून मी तलाठी कार्यालयात जुने फेरफार बघायला बसले. मोडीतला एक कागद होता, तो एका म्हाताऱ्या कारकुनाने वाचून दिला. वारसांच्या यादीत शेवटी, तीन मुलग्यांच्या खाली, तिचं नाव. नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही, तिचं. चार अक्षरं. मी ते पिशवीतल्या वीजबिलाच्या पाठीवर लिहून आणलं. पुढच्या आखाजीला सासूबाईंनी नववं बोट बुडवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हटलं, पहिल्यांदा चुकलं म्हणून.

मी तिची पणतसून. रक्ताचं नातं नाही, मुलगा तर नाहीच. पोचलं की नाही ते तुमच्या दिरांनी ठरवावं.

तुम्ही येत्या सर्वपित्रीला आईचं पान वाढा. भटजी येत नसेल तर न येवो. आईला काय आवडायचं ते करा, कळण्याची भाकरी आवडत असेल तर कळण्याची भाकरी. आखाजीला घागर भरा आणि उंबऱ्यावर दोन बोटं आईवडिलांची उमटवा. आणि तुमचं म्हणाल तर पत्रात तुम्ही नाव लिहिलेलं नाही, फक्त गाव आहे. एक पोस्टकार्ड टाका, नावाचं.